नंबर नेमके राहतात कुठे?

फोन लोकलच्या गर्दीत गेला, तर त्याच नंबराचं नवं सिम मिळतं. जुने कॉन्टॅक्ट मात्र त्यात नसतात. जुन्या सिमवर साठवण्यातही अर्थ नाही. बहुतेक सिमकार्डांत साधारण २५० नावं मावतात, तीही तोकडी. ‘सुनीता मावशी नाशिकरोड’ देवनागरीत लिहिलं, तर नाव मध्येच कापलं जाण्याची शक्यता अधिक.

अँड्रॉइडवर नवा नंबर साठवताना वरच्या बाजूला बारीक अक्षरांत ठिकाण दिसतं: सिम, डिव्हाइस किंवा जीमेलचा पत्ता. घाईत तिकडे कुणी बघत नाही आणि घोळ तिथेच होतो. जीमेल निवडलं की नंबर गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये जातो; नव्या फोनवर त्याच खात्याने लॉगिन करून सिंक चालू ठेवलं की यादी आपोआप उतरते. आयफोनवर हे काम आयक्लाउड करतं.

पण सिंकवर विसंबून राहणं धोक्याचं. फोनवरून नाव पुसलं की ते खात्यातूनही जातं. गूगल ते ट्रॅशमध्ये ३० दिवस ठेवतं, नंतर कायमचं काढतं. म्हणून अधूनमधून पूर्ण यादी व्हीसीएफ फाइल करून संगणकावर उतरवून ठेवावी. ही फाइल अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींना चालते.

घरातल्या ज्येष्ठांची अडचण वेगळीच असते. त्यांचं जीमेल खातं अनेकदा दुकानातच उघडलेलं असतं आणि पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो. फोन हातात आहे तोवर पासवर्ड बदलून वहीत लिहून ठेवा.