कुकरची रिंग आणि अवकाशयानाचे सील

प्रतिनिधी, इंदिरानगर (नाशिक)

कुकरची रिंग जुनी झाली, की झाकणाच्या कडेने वाफ निसटू लागते आणि शिट्टी होत नाही, हा इंदिरानगरमधील घराघरांतला अनुभव आहे. रिंग फाटलेली नसते, वितळलेलीही नसते. वारंवार तापून आणि दाबली जाऊन तिचा लवचिकपणा तेवढा गेलेला असतो. अवकाशातून पृथ्वीवर परतणाऱ्या यानाची रचना करणाऱ्या अभियंत्यांपुढेही नेमका हाच प्रश्न असतो.

कक्षेतून परतणारे यान ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते. त्याच्या पुढची हवा दाबली जाऊन प्रचंड तापते. यानाच्या अंगावर उष्णतारोधक फरशा बसवून हा ताप थोपवता येतो. मात्र पंख असलेल्या यानाला दिशा देण्यासाठी हलणारे भाग लागतात. ओझरहून उडणाऱ्या सुखोई विमानांच्या पंखांना मागील कडेला हलत्या झडपा आणि शेपटीला सुकाणू असते, तशीच ही व्यवस्था. जो भाग हलतो त्याच्याभोवती फट ठेवावीच लागते, आणि त्या फटीतून तप्त वायू आत शिरू शकतो.

असा वायू आत शिरला तर काय होते, हे १ फेब्रुवारी २००३ रोजी जगाने पाहिले. 'कोलंबिया' यानाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला पडलेल्या छिद्रातून वायू शिरला, आतील ॲल्युमिनियमचा सांगाडा वितळला आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांचा अंत झाला. तेथे दोष सीलचा नव्हता. पण फट का बुजवावी लागते, हे त्यातून कळते.

'नासा'ने आपल्या 'एक्स-३८' यानाच्या सुकाणूसाठी असे सील तपासले होते. इन्कोनेल या निकेल-मिश्रधातूच्या तारांची विणलेली नळी, तिच्यात सिरॅमिक तंतूंचा कापूस आणि वर सिरॅमिक कापडाची आवरणे, अशी त्याची रचना होती. दाबून धरलेले हे सील सुमारे १,०४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले असता ते जळाले नाही. पण दाब काढल्यावर पूर्ववत फुगलेही नाही. नेमका कुकरच्या रिंगसारखाच दोष! सील जास्त घट्ट बसवावे, तर ते समोरच्या ठिसूळ फरशांना इजा करणार. सैल ठेवावे, तर फट उघडणार. म्हणूनच दाब, घर्षण आणि वायूची गळती यांची वेगवेगळी मोजमापे घ्यावी लागतात. त्यानंतर विजेच्या ज्योतीने तापवलेल्या वायूच्या झोतात सील धरून पाहिले जाते. 'एक्स-३८' प्रकल्प २००२ मध्ये गुंडाळला गेला; हा धडा मात्र उरला.

भारताच्या दृष्टीने हा विषय परका नाही. 'इस्रो'चे पंखधारी 'आरएलव्ही-टीडी' यान २३ मे २०१६ रोजी ६५ किलोमीटर उंची गाठून ध्वनीच्या पाचपट वेगाने वातावरणात परतले. २०२३ व २०२४ मध्ये चित्रदुर्गजवळ अशा यानाच्या तीन अवतरण चाचण्या यशस्वी झाल्या. पण त्यात यान साडेचार किलोमीटर उंचीवर हेलिकॉप्टरमधून सोडले होते, त्यामुळे पुनःप्रवेशाचा ताप तेथे नव्हता. कक्षेतून परतताना वेग ध्वनीच्या सुमारे पंचवीसपट असतो. हलत्या झडपांच्या सीलची खरी कसोटी तेथे लागते.

कुकरची रिंग बिघडली, तर नवी आणता येते. यानाला परतीच्या वाटेवर ती सोय नाही. म्हणून सील किती तापमान सोसते, एवढे पाहून भागत नाही. तापल्यानंतरही ते फट भरून काढते का, हे उड्डाणापूर्वी जमिनीवरच तपासावे लागते.