वंध्यत्वाचा शिक्का नको, वेळीच तपासणी हवी

पुणे–नगर मार्गावरील सणसवाडी हे शिरूर तालुक्यातील गाव. मूळच्या या शेतकरी गावाभोवती गेल्या काही दशकांत कारखाने उभे राहिले आणि लोकांच्या कामाच्या, जेवणाच्या व झोपेच्या वेळा बदलल्या. तथापि, अशा बदललेल्या गावांतही एक जुनी समजूत टिकून राहते. मुलीची मासिक पाळी दोन-तीन महिने आली नाही, तर ‘लग्न झाले की सारे सुरळीत होईल’ असे म्हणून विषय मिटविला जातो. पुढे लग्नानंतर पाळणा हलला नाही, की दोष त्याच मुलीच्या माथी येतो. वस्तुतः अनियमित पाळी ही शरीराने वेळीच दिलेली सूचना असू शकते. ती ओळखली तर उपचार होऊ शकतात.

नावामुळे होणारा गैरसमज

अनियमित पाळीमागे अनेकदा ‘पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम’ म्हणजेच ‘पीसीओएस’ हा विकार असतो. शिकागोतील स्टाइन व लेव्हेन्थल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये सात स्त्रियांच्या निरीक्षणावरून त्याचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० ते १३ टक्के स्त्रियांना तो असतो, आणि त्यांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांच्या विकाराचे निदानच झालेले नसते.

सोनोग्राफीच्या अहवालातील ‘सिस्ट’ हा शब्द वाचून कुटुंबे घाबरतात. परंतु या गाठी नव्हेत. स्त्रीच्या बीजकोशात दर महिन्याला काही बीजपुटके वाढू लागतात. त्यांतील एक परिपक्व होऊन स्त्रीबीज बाहेर पडते. या विकारात पुटकांची वाढ अर्ध्यावरच थांबते, आणि अशी थांबलेली पुटकेच सोनोग्राफीत दिसतात. स्त्रीबीज वेळेवर बाहेर न पडल्याने पाळी लांबते व गर्भधारणेच्या संधी कमी होतात.

इन्सुलिनचा संबंध

पुटकांची वाढ का थांबते, याचे एक महत्त्वाचे उत्तर बीजकोशाबाहेर, स्वादुपिंडात तयार होणाऱ्या इन्सुलिनमध्ये आहे. रक्तातील साखर पेशींमध्ये पोहोचविणे हे इन्सुलिनचे कार्य. काही व्यक्तींच्या पेशी त्यास पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. मोटेला पाणी कमी येऊ लागले की शेतकरी खेपा वाढवितो, तसे स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन निर्माण करते. या अवस्थेस इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात.

साखर त्यामुळे काही काळ आटोक्यात राहते, परंतु वाढलेले इन्सुलिन बीजकोशाला अधिक पुरुषसंप्रेरक तयार करण्यास उद्युक्त करते. या संप्रेरकांना बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी तयार होते. परिणामी पुटकांची वाढ खुंटते, चेहऱ्यावर लव वाढते, मुरुमे येतात. मानेवरील काळपट, मखमली त्वचा हीदेखील इन्सुलिन-प्रतिरोधाची एक खूण आहे. ती मळाची नव्हे.

सडपातळ, तरीही सुरक्षित नाही

हा विकार केवळ लठ्ठ स्त्रियांना होतो, ही समजूत चुकीची आहे. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १५ ते २४ वर्षे वयाच्या मुलींची पाहणी करून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका निकषानुसार २२.५ टक्के, तर दुसऱ्या, अधिक काटेकोर निकषानुसार १०.७ टक्के मुलींमध्ये हा विकार आढळला. पहिल्या निकषाने निदान झालेल्यांपैकी सुमारे ७२ टक्के मुली स्थूल नव्हत्या.

याचा उलगडा होण्यास पुण्यातील मधुमेहविषयक संशोधन उपयोगी पडते. के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा गावांत गर्भवती मातांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. पुण्याच्या बाळांत स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांच्याशी स्वतःची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन सारखेच होते. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. यास्तव केवळ वजनकाट्यावर विसंबणे योग्य नव्हे.

उपचार आणि आशा

पीसीओएस म्हणजे वंध्यत्व नव्हे. अनेक स्त्रियांना नैसर्गिकरीत्या मूल होते; इतरांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी स्त्रीबीज परिपक्व होण्यास मदत होते. इन्सुलिन-प्रतिरोधावर मेटफॉर्मिन दिले जाते. वजन जास्त असल्यास ते पाच ते दहा टक्के घटल्यानेही पाळी सुधारू शकते. रोजची भाकरी, उसळ व पालेभाजी यांना पर्याय शोधण्याचे कारण नाही. साखरेचा चहा, बिस्किटे व शीतपेये कमी करून दररोज चालणे मात्र आवश्यक आहे. थायरॉइडची तपासणी व्हावी, आणि मूल होत नसल्यास पतीचीही तपासणी प्रारंभीच व्हावी.

अपत्यप्राप्तीनंतरही दक्षता संपत नाही. या स्त्रियांना गरोदरपणात व पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो. दीर्घकाळ पाळी न आल्यास गर्भाशयाचे अस्तर जाड होऊन कर्करोगाचा धोकाही वाढतो.

गावाचे कर्तव्य

पाळी सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी अनियमितपणा स्वाभाविक असतो. त्यानंतर मात्र ९० दिवसांहून अधिक अंतर पडल्यास, किंवा तीन वर्षांनंतरही पाळी ३५ दिवसांहून लांबत राहिल्यास, मुलीला डॉक्टरांकडे नेले पाहिजे. पाळीच्या तारखा वहीत लिहून ठेवण्याची सवय शिक्षिका सहज लावू शकतात. आशा कार्यकर्तीकडे निःसंकोच बोलता येईल असे वातावरण निर्माण करणे आणि उपकेंद्रात स्त्रियांच्या तपासणीस आडोशाची खोली मिळवून देणे, हे ग्रामपंचायतीच्या हातात आहे.

सणसवाडीजवळच्या वढू बुद्रुक येथे डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले, ते गावातीलच स्वयंसेविकांच्या बळावर. गावच्या स्त्रीचे आरोग्य गावच्याच माणसांनी जपावे, हा धडा याच परिसराने दिला आहे. अनियमित पाळीविषयीचे मौन मोडण्याची सुरुवातही येथूनच व्हावी.