बिळातील कोळी आणि लूताविषाचे निदान

जांभ्या कातळाच्या सड्यावर, बांधाच्या भोकात राहणारा केसाळ कोळी सिंधुदुर्गात अपरिचित नाही. बिळाच्या तोंडाशी रेशमी अस्तर विणून तो रात्री भक्ष्याची वाट पाहतो. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानाच्या ८ व्या अध्यायात १६ लूता वर्णिल्या. त्यांपैकी ८ कृच्छ्रसाध्य, ८ असाध्य. (लून म्हणजे कापलेल्या गवतावर वसिष्ठांचा घाम पडून त्या उपजल्या, अशी व्युत्पत्तिकथाही तेथेच आहे.) मात्र या कोळ्याच्या दंशाने सामान्यतः वेदना व शोथच होतो, ‘असाध्य’ हे लक्षण त्यास लावणे आम्हांस युक्त वाटत नाही.

खरी भीती निराळी आहे. त्याच सड्यावर, त्याच दगडांखाली फुरसे असते. अंधारात हात घातलेला रुग्ण ‘कोळी चावला’ म्हणून येतो आणि आपण लेप व दशांग अगद देऊन त्यास घरी धाडतो! दंश करणारा प्राणी प्रत्यक्ष पाहिलेला नसेल, तर कोरड्या, स्वच्छ काचनळीत २ मि.लि. रक्त २० मिनिटे न हलविता ठेवावे. ते न गोठल्यास सर्पविष समजून तत्काळ प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात पाठवावे. रक्त गोठले तरी पापण्या जड होत असल्यास मण्यार आठवावी. तिच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही. औषधी दुकानदारांनी तर अशा दंशावर परस्पर मलम देऊच नये.