मृदंग एकाच्याच गळ्यात

मेहकर–मालेगाव रस्त्यावरच्या डोणगावातून भाच्याचा फोन आला. "मामा, आय-सेव्हन भेटून राह्यला. जुना हाये, पण आय-सेव्हन!" कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, धूळ पुसून पुन्हा विकायला ठेवलेला डेस्कटॉप होता तो. त्यावर त्याला प्लेस्टेशन २ चे खेळ इम्युलेटरमध्ये चालवायचे होते आणि खेळता खेळता रेकॉर्डही करायचे होते. मी विचारलं, "आय-सेव्हन खरा, पण कितव्या पिढीचा?" पलीकडे शांतता.

आय-सेव्हन २६०० हा २०११ सालचा प्रोसेसर. चार कोअर, आठ थ्रेड. आय-थ्री १२१०० हा २०२२ चा. त्यालाही चार कोअर नि आठच थ्रेड. नावात धाकटा, पण एकेका कोअरचं काम मोजलं तर थोरल्याच्या जवळपास दुप्पट. थ्री, फाइव्ह, सेव्हन ही त्या त्या पिढीपुरती उतरंड. पणजोबांकडे पाटीलकी होती म्हणून आज सातबारा मोठा असतो, असं थोडंच आहे!

भाच्याच्या हट्टामागे दोन डिस्का होत्या, मोठ्या भावाच्या जमान्यातल्या. एक हैदराबादच्या गेमशास्त्रचा २००९ चा 'देसी अड्डा'. त्यात कबड्डी आहे, विटीदांडू आहे. दुसरा मुंबईच्या ट्राइनचा २०१० चा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स'. प्लेस्टेशन २ जगभर पंधरा कोटींहून जास्त खपला, पण त्याची डिस्क आजच्या प्लेस्टेशन ५ मध्ये चालत नाही. घरचा जुना डबा बंद पडला की विटीदांडूही बंद. म्हणून इम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरला जुन्या कन्सोलचं सोंग घ्यायला लावणारं सॉफ्टवेअर.

आता गंमत बघा. प्लेस्टेशन २ चा 'इमोशन इंजिन' प्रोसेसर जेमतेम २९५ मेगाहर्ट्झचा. त्याच्या दहा-बारा पट वेगाचं घड्याळ असलेला कॉम्प्युटर त्याच्यापुढे हाशहुश्श का करतो? कारण त्या प्रोसेसरची बोली वेगळी. त्याची प्रत्येक आज्ञा आपल्या प्रोसेसरच्या बोलीत खेळ चालू असतानाच फिरवून घ्यावी लागते आणि एकीच्या जागी अनेक आज्ञा होतात. शिवाय त्याच्या शेजारी दोन व्हेक्टर युनिट, चित्र काढणारी चिप, आवाजाची चिप. मूळ यंत्रात ही मंडळी एकमेकांची चाहूल घेत चालायची. तीच चाहूल इथेही राखावी लागते. ती सुटली की खेळ अडखळतो, कधी बंदच पडतो.

गावातलं भजन आठवा. टाळकरी वीस असोत की चाळीस, मृदंग एकाच्याच गळ्यात. तो रेंगाळला तर आणखी दहा टाळकरी उभे करून लय वाढत नाही. पीसीएसएक्स२ या इम्युलेटरचं जड काम मुख्यतः दोन-तीन थ्रेडमध्ये वाटलं जातं: एक मुख्य प्रोसेसरचा, एक चित्राचा, आणि सोय चालू केली तर एक दुसऱ्या व्हेक्टर युनिटचा. चार चांगल्या कोअरांपुढचे कोअर नुसते बसून राहतात. दहाएक वर्षांपूर्वी हौशी मंडळींनी हे स्वतः अनुभवलंय. डॉल्फिन या गेमक्यूब आणि वी कन्सोलांच्या इम्युलेटरवर २०१४ चा दोनच कोअरचा स्वस्त पेंटियम जी३२५८, २०१२ च्या आठ कोअरच्या एएमडी एफएक्स-८३५० ला मागे टाकायचा.

प्लेस्टेशन ३ चं गणित मात्र निराळं. त्याच्या 'सेल' प्रोसेसरमध्ये एक मुख्य कोअर आणि खेळांना वापरता येणारे सहा मदतनीस होते. त्यामुळे आरपीसीएस३ या त्याच्या इम्युलेटरसाठी सहा-आठ कोअर खरोखर कामी येतात. भाच्याची उडी तिथवर नव्हती.

रेकॉर्डिंगचं काय? सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथेच. व्हिडिओ दाबून लहान करायचं काम प्रोसेसरच्या कोअरांकडूनच करून घेतलं, तर ते काम नेमका मृदंगवाल्याच्या वाटणीचा वेळ खातं. तो वेळ मोजका असतो. आपल्याकडच्या प्लेस्टेशन २ च्या डिस्का पॅल पद्धतीच्या, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं, एका चित्राला २० मिलिसेकंद. पीसीचा स्वतःचा खेळ मागे पडला तर मधली चित्रं गाळतो. इम्युलेटर मागे पडला की खेळातला काळच मंदावतो, आवाज घरंगळतो.

म्हणून हे काम वेगळ्या माणसाला द्यावं. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्समध्ये २०११ पासून 'क्विक सिंक' नावाचा व्हिडिओसाठीचाच भाग असतो. एनव्हिडियाच्या बहुतेक कार्डांत 'एनव्हेन्क' असतो, पण जीटी १०३० मध्ये नाही. हे कार्ड स्वस्त म्हणून घेणाऱ्यांनी नीट ऐकावं. आणि प्रोसेसरच्या नावापुढचं 'एफ' हे अक्षर! १२१०० आणि १२१००एफ यांत काही पैशांचा फरक दिसतो, पण एफवाल्यात ग्राफिक्सच चालत नाही, मग क्विक सिंक कुठून येणार? दुकानदार म्हणतो, "सेमच आहे." नाही.

ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग ६० वर ठेवू नका, पॅल खेळासाठी ५० निवडा, नाहीतर चित्र धक्के खातं. सेकंदाला १० मेगाबिट ठेवले तर तासाला साधारण साडेचार जीबी होतात. म्हणजे सेकंदाला सव्वा एमबी. एवढ्याला जुनी हार्ड डिस्कही पुरते. "रेकॉर्डिंगसाठी एसएसडी लागतेच" हे खरं नाही. ती घ्यावी, पण वेगळ्या कारणांसाठी.

वऱ्हाडातला मे महिना कुठल्याच जाहिरातीत धरलेला नसतो. पत्र्याखालच्या खोलीत पंखा गरम हवाच फिरवतो, आणि प्रोसेसर तापला की आपणहून वेग उतरवतो. लॅपटॉपच्या १५ वॉटच्या प्रोसेसरांचं तर दहा मिनिटांतच पाणी जोखता येतं. पैसे देण्याआधी दुकानातच अर्धा तास खेळ नि रेकॉर्डिंग दोन्ही चालवून बघा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

कायद्याचंही बघून घ्या. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२, स्वतःच्या वैध प्रतीवरून वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरासाठी संगणकीय प्रत करायला मुभा देतं. प्लेस्टेशन २ ची डिस्क साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचता येते, इम्युलेटरला लागणारा बायोस, म्हणजे कन्सोलचं मूळ सॉफ्टवेअर, आपल्याच कन्सोलमधून काढावा. पेन ड्राइव्हमधून फुकट फिरणाऱ्या खेळांना ही मुभा लागू नाही.

भाच्यानं अखेर आय-थ्री १२१०० घेतला, एफ नसलेला. मित्रमंडळींत सांगताना थोडा ओशाळला म्हणे. पहिल्याच रविवारी कबड्डीचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि चाळिसाव्या मिनिटाला वीज गेली. एमपी४ फाइल अशी मध्येच तुटली तर बहुधा उघडतच नाही. म्हणून मी त्याला आधीच फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवायला लावलं होतं. रात्री फोन आला, "मामा, सगळी फाइल हाये. शेवटची चढाई तेवढी अर्ध्यात तुटली."