श्वासाचें औषध घेण्यापूर्वीं

सन १९४२ मध्यें आचार्य नरेंद्र देव हे वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमांत कांहीं महिने राहिले होते. समाजवादी चळवळीचे पुढारी व बौद्ध दर्शनाचे गाढे अभ्यासक असा त्यांचा लौकिक. परंतु त्या मुक्कामाचें कारण राजकारण नव्हतें. दम्यानें ते जर्जर झाले होते, आणि महात्मा गांधींनीं त्यांना उपचारासाठीं आपल्याजवळ ठेवून घेतलें होतें. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें त्यांना अटक झाली व पुढील कांहीं वर्षें अहमदनगरच्या किल्ल्यांत गेलीं. पण ह्या व्याधीनें त्यांची पाठ अखेरपर्यंत सोडली नाहीं. १९ फेब्रुवारी १९५६ रोजीं त्यांचें निधन झालें. योगायोग असा, कीं मोजक्या मात्रेचा फवारा देणारा श्वासाचा पंप अमेरिकेंत प्रथम विक्रीस आला तो त्याच १९५६ सालीं.

त्या काळच्या रोग्याची अडचण औषधाच्या अभावाची होती. आजच्या रोग्याची अडचण अगदीं निराळी आहे. औषध आतां हाताशीं आहे. आणि जी वस्तु हाताशीं असते तिच्याविषयीं मनुष्य बेफिकीर होतो. ह्या बेफिकिरीचा इतिहासहि जुना आहे. १९६० नंतरच्या दशकांत इंग्लंड व वेल्समध्यें आयसोप्रेनालीन ह्या औषधाचे पंप सर्रास वापरले जाऊं लागले, आणि त्याच काळांत दम्यानें होणारे मृत्यु वाढले. वैद्यकीय जगतानें धोक्याची सूचना दिली, वापर आवरला गेला, तेव्हां मृत्युसंख्या उतरली. पंपानें मिळणारा आराम म्हणजे रोगावरील विजय नव्हे, हा त्यांतील धडा होय.

असें कां व्हावें हें समजण्यासाठीं फुप्फुसांची रचना थोडी पाहिली पाहिजे. हवा आंत नेणाऱ्या नळ्या झाडाच्या फांद्यांप्रमाणें उत्तरोत्तर बारीक होत जातात. दम्यांत त्यांना दोन विकार जडतात: नळीभोंवतींचे स्नायु आवळले जातात, आणि नळीचें अस्तर सुजून त्यांत कफ सांचतो. साल्ब्युटामॉलसारखें औषध स्नायु सैल करतें. त्याचा गुण कांहीं मिनिटांत येतो व चार ते सहा तासांत ओसरतो. सूज मात्र त्यानें हटत नाहीं. ती उतरविण्यासाठीं श्वासावाटे घ्यावयाचें स्टेरॉइड लागतें. त्याचा पूर्ण गुण येण्यास दिवस, कधीं आठवडेहि लागतात. म्हणून रोगी पहिल्या औषधावर विसंबतो व दुसरें सोडून देतो. मोठ्या माणसांच्या व किशोरांच्या दम्यावर केवळ तात्काळ आराम देणारें औषध पुरेसें मानूं नये, असें आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन २०१९ पासून स्पष्टपणें सांगत आहे. तेव्हां आपल्या हातीं दिलेलें औषध ह्या दोहोंपैकीं कोणतें, हें विचारल्याशिवाय दवाखान्यांतून उठूं नये.

परंतु विचारण्याइतकेंच सांगणेंहि महत्त्वाचें आहे, आणि तेथेंच सुशिक्षित कुटुंबेंसुद्धां चुकतात. "दुसरें कांहीं औषध चालू आहे काय?" ह्या डॉक्टरांच्या प्रश्नाला "नाहीं" असें उत्तर सहज दिलें जातें. कारण डोळ्यांत घालावयाचे थेंब हें औषध आहे असें कोणाच्या मनांतच येत नाहीं. काचबिंदूवर टिमोलॉल नांवाचे थेंब देतात. ते डोळ्यांतून अश्रुनलिकेवाटे नाकांत उतरतात व तेथून रक्तांत मिसळतात. श्वासनलिका सैल करणारें औषध ज्या कुलपाला किल्लीसारखें लागतें, तेंच कुलूप टिमोलॉल बंद करून ठेवतें. दमेकऱ्याला ह्या थेंबांनीं प्राणांतिक झटका आल्याचीं उदाहरणें वैद्यकशास्त्रांत नमूद आहेत. रक्तदाब, छातीची धडधड, हातांचा कंप किंवा अर्धशिशी ह्यांवर दिली जाणारी प्रोप्रानोलॉलची गोळी त्याच जातीची आहे. नेत्रवैद्यानें डोळा पाहिला, छातीच्या वैद्यानें छाती पाहिली. दोघांनाहि एकमेकांचें औषध कळविणारा मनुष्य एकच असतो, आणि तो म्हणजे रोगी.

सांगण्यासारख्या आणखी कांहीं गोष्टी आहेत. ॲस्पिरीन किंवा तत्सम वेदनाशामक गोळीनें पूर्वीं श्वास लागला असल्यास तें अवश्य सांगावें. इप्राट्रोपियम व टायोट्रोपियम हीं औषधें काचबिंदूच्या कांहीं प्रकारांत आणि लघवी अडत असलेल्या वृद्धांत जपून द्यावीं लागतात. थिओफिलीनच्या गोळीची गुणकारी मात्रा व विषारी मात्रा ह्यांत अंतर थोडें असतें. तापासाठीं वा जंतुसंसर्गासाठीं सिप्रोफ्लॉक्सॅसीन किंवा एरिथ्रोमायसीन सुरू झालें, तर तिचें रक्तांतील प्रमाण वाढतें. इतकेंच नव्हे, तर विडी-सिगारेट सोडली तरीहि तें वाढतें! विडी सोडावीच, पण सोडल्याचें डॉक्टरांना सांगावें. मधुमेह असल्यास स्टेरॉइडच्या गोळ्यांनीं साखर वाढते. हृदयाचे ठोके अनियमित असणें, थायरॉइडचा विकार, दुधाच्या प्रथिनांची तीव्र ॲलर्जी ह्याहि बाबी लपवूं नयेत. कारण कांहीं कोरड्या भुकटीच्या औषधांत दुधापासून काढलेली साखर असते. मॉन्टेलुकास्टची गोळी चालू असतां झोपेंत किंवा स्वभावांत विपरीत फरक दिसला, तर तो ताबडतोब कळवावा. अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेनें २०२० मध्यें त्याविषयीं ठळक इशारा दिला आहे. गर्भवती स्त्रीनें तर भीतीनें औषध परस्पर बंद करूंच नये. अनावर दमा हा बाळाला बहुधा औषधापेक्षां अधिक घातक ठरतो.

गांवोगांव मिळणाऱ्या "रामबाण" पुड्यांचाहि उल्लेख टाळूं नये. अशा कांहीं पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलें आढळलें आहे. ती पुडी दीर्घकाळ घेऊन एकदम थांबविली, तर शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनविण्याची शक्ति मंदावलेली असल्यामुळें मोठा धोका संभवतो.

शिवाय प्रत्येक धाप म्हणजे दमा नव्हे. हृदयाची दुर्बलता, क्षय व पंडुरोग ह्यांतहि धाप लागते. वर्धा जिल्हा हा कापसाचा मुलूख. हिंगणघाट व पुलगांवकडच्या जिनिंगमध्यें उडणारी धूळ आणि स्वयंपाकघरांतील चुलीचा धूर ह्यांनीं फुप्फुसें निराळ्या रीतीनें झिजतात. धुराचें हें दुखणें वर्ध्यानें फार पूर्वीं ओळखलें होतें. बिनधुराचा "मगन चुला" येथील मगनवाडींतच आकारास आला. म्हणून आपण काय काम केलें, कोणत्या धुरांत वर्षें काढलीं, हेंहि सांगावें, व फुंकरीच्या यंत्रानें फुप्फुसांची तपासणी करून घ्यावी. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याचा पंप आपण ओढणें हा शेजारधर्म नव्हे.

औषध ठरल्यावर साधनाकडे पाहावें. मुदत संपलेली नाहीं ना, मात्रा शिल्लक आहेत ना, हें तपासावें. फवाऱ्याचा पंप सांगितल्याप्रमाणें हालवून, संथ व खोल श्वासाबरोबर दाबावा व श्वास सुमारें दहा सेकंद रोखावा; मुलांना व वृद्धांना स्पेसरचें नळकांडें जोडून द्यावें. भुकटीच्या उपकरणांत श्वास मात्र जोरानें ओढावयाचा असतो. त्याची कॅपसूल गिळावयाची नसते, ही चूक अनेक घरांत घडते. स्टेरॉइड घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकावें, म्हणजे तोंडांत बुरशी धरत नाहीं. वर्ध्याच्या वैशाखांत पारा ४५ अंशांवर जातो. अशा उन्हांत मोटारींत किंवा खिडकींत ठेवलेला पंप बिघडतो, फुटूंहि शकतो. आणि पावसाळ्यांत वेष्टनांतून आधींच काढून ठेवलेली कॅपसूल दमट होते.

सारी दक्षता घेऊनहि झटका अनावर झाला, एका दमांत वाक्य पुरें होईना, ओठ निळसर दिसूं लागले, किंवा पंपानें नेहमींचा उतार पडेना, तर वाट पाहूं नये. रोग्याला बसतें ठेवावें, डॉक्टरांनीं शिकविल्याप्रमाणें पंप देत राहावें व १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

बाकी तयारीला खर्च कांहींच नाहीं. एका कागदावर घरांतील रोग्याचीं सर्व औषधें लिहावीं: गोळ्या, काढे, पुड्या, मलमें, आणि डोळ्यांचे थेंब. कोणत्या औषधानें पूर्वीं त्रास झाला तेंहि खालीं लिहावें. तो कागद दवाखान्याच्या चिठ्ठीबरोबर घडी करून ठेवावा आणि प्रत्येक डॉक्टरांपुढें, न विचारतां, उलगडावा.