समुद्रकाठच्या सात दिवसांची पाळी



चैत्र-वैशाखात आपल्या हिंगोली-वसमतकडे हळदीची धांदल असते. हळद शिजते, वाळते, पॉलिश होऊन बाजारात जाते, आणि वर्षातून एकदा शेतकऱ्याच्या हाती चार पैसे एकदम येतात. शाळांना सुट्ट्या लागतात. मुलं म्हणतात, "यंदा आम्हांला समुद्र दाखवा." आणि नेमका अशाच वेळी मोबाईल वाजतो. पलीकडून गोड आवाज विचारतो, "दरवर्षी सात दिवस, अशी पंचवीस वर्षं, समुद्रकाठी राहायला आवडेल का? अमुक हॉटेलात जोडीनं जेवायला या, भेटवस्तू घेऊन जा. योजना आम्ही समजावून सांगू."

या योजनेला टाइमशेअर म्हणतात. ती मुळातच फसवणूक आहे, असं नाही. आणि ती सर्वांच्या सोयीची आहे, असंही नाही. ती काय आहे हे कळलं, म्हणजे घ्यायची की नाही ते आपलं आपल्याला ठरवता येतं. म्हणून आज तिची थोडी फोड करून पाहू.

शेतकरी मंडळींना ही कल्पना समजायला जड जाऊ नये. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर आपण शेजपाळीनं पाणी घेतो. कालवा आपल्या मालकीचा नसतो. पाळी मात्र आपली असते. पाळी आली की दार उघडायचं, संपली की पाणी पुढच्या शेतकऱ्याकडे जातं. टाइमशेअरचंही असंच आहे. समुद्रकाठी किंवा थंड हवेच्या ठिकाणी खोल्या बांधलेल्या असतात. वर्षाचे बावन्न आठवडे. एका खोलीच्या बावन्न आठवड्यांत बावन्न कुटुंबांची पाळी लावली, म्हणजे खोली रिकामी राहत नाही आणि एकेका कुटुंबाला अख्खा बंगला बांधण्याचा खर्च पडत नाही. अशी ही मूळ कल्पना.

ती निघाली युरोपात. १९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये हापीमाग नावाची संस्था याच तत्त्वावर उभी राहिली. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत आर.सी.आय. ही कंपनी निघाली. तिनं आठवड्यांची अदलाबदल सुरू केली, म्हणजे आपला आठवडा दुसऱ्याला द्यायचा आणि त्याच्या गावचा आपण घ्यायचा. भारतात १९८६ मध्ये स्टर्लिंग आणि १९९६ मध्ये महिंद्र यांच्या सुट्टी-कंपन्या स्थापन झाल्या. आज अशा कंपन्यांची निवासस्थानं गोव्याच्या वारका किनाऱ्यापासून आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गणपतीपुळ्यापर्यंत आहेत.

आता पहिली गोष्ट ध्यानात धरा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी विकला जातो तो राहण्याचा हक्क. खोली विकली जात नाही. पाच लाख भरले तरी तिथल्या सातबाऱ्यावर तुमचं नाव लागत नाही. मुदत संपली की हक्क संपतो. मध्येच विकावा म्हटलं, तर गिऱ्हाईक मिळणं कठीण, आणि मिळालं तरी भरलेल्या रकमेच्या मानानं हाती फारच थोडं येतं. म्हणून "ही गुंतवणूक आहे" असं कोणी सांगितलं, तर ते मनावर घेऊ नका. गुंतवणूक जमीन असते, बँकेतली ठेव असते. हा खर्च आहे. हौसेचा खर्च करू नये असं मी म्हणत नाही. पण त्याला खर्चच म्हणावं.

दुसरी गोष्ट आठवड्याची. कालव्याची पाळी ज्वारी हुरड्यात असताना आली तर सोनं. कापणी झाल्यावर आली तर तिचा काय उपयोग? समुद्रकाठचंही तसंच आहे. शाळेच्या सुट्टीतला मे महिना सर्वांनाच हवा असतो. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कोकणात पाऊस उतरतो आणि समुद्र खवळतो. १ जून ते ३१ जुलै या काळात तर आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. म्हणून कंपन्या वर्षाचे हंगाम पाडतात, त्यांना रंगांची नावं देतात, आणि गर्दीच्या हंगामाची किंमत जास्त ठेवतात. स्वस्तातला हंगाम घेतला, तर शिक्षकाला किंवा शाळेत जाणाऱ्या मुलांच्या बापाला तो कामाचा नाही. महागातला घेतला, तरी मे महिन्यातला समुद्रकाठ ऐन वेळी मिळेलच असं नाही. तो कित्येक महिने आधी राखून ठेवावा लागतो. तेव्हा विचारायचं ते असं: "मे महिन्यात, गणपतीपुळ्याला, चार माणसांची खोली मला कधी मागावी लागेल, आणि न मिळाल्यास काय?" उत्तर तोंडी नको, करारातलं कलम दाखवा म्हणावं. आणि खोलीत किती माणसं चालतात तेही पाहावं. आजी-आजोबांसह नऊ माणसांचं घर एका खोलीत मावत नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. सदस्यत्वाची रक्कम एकदाच भरतात किंवा हप्त्यानं फेडतात. पण दरवर्षी देखभालीची फी निराळी असते, आणि तिच्यावर वस्तू व सेवा कर लागतो. ही फी बहुतेक करारांत आपण गेलो नाही तरी द्यावीच लागते, आणि काळाबरोबर ती वाढते.

एक हिशेब करून पाहू. आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. समजा, सदस्यत्वाला ४,००,००० रुपये पडले आणि वार्षिक फी २०,००० आहे. हेच चार लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असते, तर वर्षाला २८,००० रुपये व्याज आलं असतं. म्हणजे बुडालेलं व्याज २८,००० आणि फी २०,०००, मिळून वर्षाला ४८,००० रुपये. सात रात्री धरल्या, तर एका रात्रीला सुमारे ६,८५० रुपये झाले. शिवाय बँकेतले चार लाख पंचवीस वर्षांनीही आपलेच राहिले असते. इथे ते परत येत नाहीत. यात अजून जेवणखाण नाही. हिंगोलीहून गणपतीपुळे सहाशे किलोमीटरांच्या पुढे आहे. तो प्रवासखर्च नाही. आणि एखाद्या साली पावसानं दगा दिला, किंवा घरात लग्नकार्य निघालं, म्हणून जाणं चुकलं, तर त्या सालचा खर्च अंगावर पडतो. न गेलेले दिवस पुढच्या वर्षी धरता येतात का, तेही करारात पाहावं लागतं.

आता आपण जाऊ तेव्हाचा खोलीचा बाजारभाव विचारा आणि शेजारी मांडा. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ मध्ये स्थापन झालं. त्याची निवासस्थानं गणपतीपुळे, तारकर्ली, हरिहरेश्वर इथे आहेत, आणि तिथे लागतील तेवढ्याच रात्रींचे पैसे भरावे लागतात. कोकणातल्या कितीतरी घरांतून न्याहारी-निवासाची सोय आहे. दोन्ही हिशेब समोर ठेवले, म्हणजे कोणतं अंथरूण आपल्याला पुरतं ते दिसतं. ज्या कुटुंबात दरवर्षी नेमानं सुट्टी मिळते, जे निरनिराळ्या गावी फिरतात, ज्यांना कर्ज काढावं लागत नाही, त्यांना टाइमशेअर सोयीचा पडतो. ज्यांचं उत्पन्न पावसावर आहे, त्यांनी आधी एक उन्हाळा साध्या खोलीत दोन रात्री काढून पाहाव्यात.

आणि तिथे गेल्यावर एक सावधगिरी, कारण आपण कोरड्या मुलखातली माणसं. विहिरीत पट्टीचा पोहणारा गडी समुद्रात फसतो. विहिरीचं पाणी जागच्या जागी असतं. समुद्राचं पाणी ओढ घेतं. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण मोठं असतं. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर पर्यटक बुडाल्याच्या दुर्घटना घडल्या आहेत. ओहोटी लागली असता पाण्यात उतरू नका. भरतीची वेळ गावकऱ्यांना विचारा आणि जीवरक्षकाचं ऐका. मुलांना मात्र सांगा की दिवसा समुद्राकडून येतात ते खारे वारे आणि रात्री जमिनीकडून सुटतात ते मतलई वारे. भूगोलाचा तो धडा वाळूत बसून एका दिवसात पाठ होतो.

आता समजा, तुम्ही जेवणाला गेलात. तिथे दोन-तीन तास चित्रं दाखवतील आणि शेवटी म्हणतील, "आज सही केली तरच ही सूट, उद्या नाही." बैल घेतानासुद्धा आपण दात पाहतो, चालवून पाहतो, घरी विचारून येतो. पंचवीस वर्षांचा करार तासाभरात कसा करायचा? "कागद द्या, घरी वाचतो," एवढंच म्हणा. कागद देत नसतील तर उठून या. मुदत किती, फी कशी वाढणार, करार रद्द करायला किती दिवस आणि किती कपात, वारसाला हक्क जातो का, ही चार कलमं वाचल्याशिवाय सही नको. तोंडी दिलेला शब्द कागदावर नसेल, तर पुढे तो सिद्ध करणं अवघड असतं.

आणि सही होऊन गेली असेल, मागाहून गाऱ्हाणं उभं राहिलं असेल, तरी हातपाय गाळू नका. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार कंपनीच्या गावी न जाता, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी पडत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र ती दाखल केली पाहिजे. पावत्या, पत्रं, मोबाईलवरचे निरोप जपून ठेवा.

शेवटी गुरुजनांना एक विनंती. हे करार बहुधा इंग्रजीत असतात, बारीक अक्षरात असतात. गावात कागद आला की तो तुमच्याकडेच येतो, "गुरुजी, एवढं वाचून सांगता का?" तेव्हा तो सावकाश वाचा, फीचं कलम दोनदा वाचा, आणि वर केला तसा हिशेब पाटीवर मांडून दाखवा. सातवीतल्या मुलांना शेकडेवारीचं गणित म्हणूनही तो घालता येईल. त्यांतलं एखादं मूल संध्याकाळी घरी जाऊन बापाला विचारील, "आबा, ते व्याज धरलं का?" तेवढ्यानं एखाद्या घरची हळदीची पट्टी वाचेल, आणि समुद्रही पाहून होईल.