सहल किल्ल्यावरून परत येते, मालवणच्या मासळीचा इतिहास किनाऱ्यावरच राहतो

हिवाळा सुरू झाला की बेळगाव, खानापूर, चंदगड भागातल्या शाळांच्या सहली घाट उतरून मालवणला जातात. मुलं होडीतून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जातात, २५ नोव्हेंबर १६६४ ला पायाभरणी झाली हे वहीत टिपून घेतात, जेवतात आणि परतीच्या गाडीत बसतात. दांडी किंवा चिवला किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या आणि वाळत घातलेली जाळी खिडकीतून दिसतात, तेवढीच. खरं तर ज्या धंद्यावर हे गाव पिढ्यान्‌पिढ्या जगलं, त्याचा इतिहास तिथंच आहे. तो मुलांना शिकवायचा तर सुरुवात कुठून करायची?

सुरुवात ताटापासून

घाटमाथ्यावरच्या मुलांसाठी सोपी वाट म्हणजे घरातल्या आजीला विचारणं. तुमच्या लहानपणी मासे कुठले मिळायचे? बहुतेक घरांत उत्तर येईल : सुकट, खारा बांगडा. कारण साधं आहे. बर्फ आणि मोटार नव्हती तोवर ताजी मासळी किनाऱ्यापासून फार लांब जाऊच शकत नव्हती. वर यायची ती वाळवून नाहीतर मीठ लावून. बर्फाचे कारखाने आले, रस्ते झाले, तेव्हा कुठे ताजी सुरमई बेळगाव-कोल्हापूरच्या बाजारात दिसू लागली.

इथंच मिठाचा धडा जोडता येतो. ब्रिटिशांच्या काळात मिठावर कर होता. त्यामुळे मासळी खारवणं महाग पडायचं, म्हणून मद्रास आणि मुंबई इलाख्यात सवलतीच्या मिठावर मासे खारवण्यासाठी सरकारी आवारं काढली गेली. १९३० चा मिठाचा सत्याग्रह मुलांना पुस्तकातून माहीत असतो, पण त्याच वर्षी वेंगुर्ले तालुक्यात शिरोड्यालाही सत्याग्रह झाला, हे सहसा सांगितलं जात नाही. मिठाचा कर म्हणजे मासळी खारवणाऱ्याच्या पोटावर कर, असं सांगितलं की धडा लगेच समजतो.

एक जाळं, तीन राज्यं

मालवणात रापण, गोव्यात रांपण, कारवारपासून खाली कर्नाटकाच्या किनाऱ्यावर रंपणी. नाव थोडं बदलतं, पद्धत तीच. होडी किनाऱ्यावरून निघते, समुद्रात अर्धगोल फिरून लांबलचक जाळं सोडते आणि परत येते. मग जाळ्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. हे एकट्या-दुकट्याचं काम नाही, गाव लागतं. आलेल्या मासळीचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसांचा वाटा. दोर ओढायला आयत्या वेळी हात लावणाऱ्यालाही थोडे मासे मिळतात. पुढे विकायचं काम बायकांचं.

वाण‍िज्य शिकणाऱ्या मुलांना भागीदारी आणि सहकार शिकवायला याहून चांगलं उदाहरण जवळपास नाही. भांडवल, मजुरी आणि नफ्याची वाटणी, तिन्ही गोष्टी वाळूवर डोळ्यांनी दिसतात.

ट्रॉलर आला तेव्हा

१९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात करार झाला आणि केरळात यांत्रिक मासेमारीचा प्रकल्प सुरू झाला. पुढे कारवारलाही त्याचं केंद्र आलं. कोळंबीला परदेशात भाव मिळू लागला तशी सरकारी मदत ट्रॉलरकडे वळली. ट्रॉलर पिशवीसारखं जाळं तळाशी घासत ओढतो. पर्ससीनचं जाळं मासळीचा अख्खा थवा घेरतं आणि खालून आवळून बंद होतं. या बोटी किनाऱ्याजवळ आल्या की रापणीपर्यंत मासळी पोचतच नाही.

सत्तरच्या दशकात गोव्यात रांपणकारांनी मोठं आंदोलन केलं. त्यातून १९८० चा गोव्याचा सागरी मासेमारी कायदा आला. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा झाला त्याच वर्षीचा. कर्नाटकाचा १९८६ चा. पण तोवर कर्नाटकात पर्ससीनपुढे रंपणी जवळजवळ संपत आली होती. महाराष्ट्राने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिवे लावून मासे पकडण्यावर बंदी आणली. कायदे झाले, तरी किनाऱ्यावरचं भांडण मिटलेलं नाही.

एकाच बाकावरची दोन घरं

खरी अडचण इथं आहे. किनाऱ्यावरच्या शाळेत रापणकराची मुलगी आणि ट्रॉलरवाल्याचा मुलगा एकाच बाकावर बसतात. कित्येकदा दोघांचं आडनावही एकच असतं. म्हणून बरेच शिक्षक हा विषय टाळतात. टाळला की मुलं तो घरी ऐकतात, तोही एकाच बाजूने.

त्यापेक्षा दोन्ही घरांचा हिशेब फळ्यावर मांडलेला बरा. ट्रॉलरवाल्याच्या डोक्यावर बोटीचं कर्ज, डिझेल, खलाशांचा पगार. रापणकराला खर्च कमी, पण मासळी किनाऱ्याला आली नाही तर त्या दिवसाची कमाई शून्य. कोण बरोबर हे शिक्षकाने सांगायची गरज नाही. कायद्यात अंतर ठरवून का दिलंय, एवढं मात्र सांगायलाच हवं.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावी. मासळी कमी होण्याला प्रत्येक वेळी ट्रॉलरच कारण नसतो. १९४० च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर तारली इतकी घटली की मद्रास सरकारला लहान तारली पकडण्यावर निर्बंध आणावे लागले. तेव्हा इथं ट्रॉलर नव्हते. समुद्राचे स्वतःचे चढ-उतार असतात, त्यात माणसाची हाव मिसळते. हे दोन वेगळे काढायला शिकणं म्हणजेच इतिहास शिकणं.

शाळेला काय करता येईल?

पैसे फारसे लागत नाहीत. मुलांना पट्टी देऊन मासळी बाजारात पाठवा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीप्रमाणे १४ सेंटीमीटरपेक्षा लहान बांगडा पकडू नये. बाजारातला बांगडा किती भरतो, हे मुलांनीच मोजावं. बेळगावच्या बाजारातही हे करता येतं. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात भाव कसे चढतात आणि नारळी पौर्णिमेनंतर कसे उतरतात, त्याचा तक्ता करावा.

१८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटिअरमध्ये त्या काळच्या मासळीची माहिती आहे. त्यातली नावं घेऊन एखाद्या म्हाताऱ्या तांडेलाकडे जावं आणि यातलं आज काय मिळतं ते विचारावं. मासे विकणाऱ्या बाईला आणि बर्फ कारखान्यातल्या कामगारालाही विचारावं.

सहल नेणाऱ्या शाळांनी किल्ल्याच्या वेळेतला एक तास किनाऱ्याला द्यावा. सकाळी रापण ओढत असतील तर मुलांना दोराला हात लावू द्यावा, अर्थात आधी विचारून. रापण ओढायला आता माणसं पुरत नाहीत, ज्यांना हे काम येतं ती वयाने थकत चालली आहेत. त्यांना विचारायचं ते आत्ताच विचारावं लागेल.